संगणकाचा ताप आणि पाण्याचा उतारा

हिंगोली जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून वर रेंगाळू लागला, की उष्णतेविरुद्धची जुनीच लढाई घराघरांत नव्याने सुरू होते. माठाभोवती ओले फडके गुंडाळले जाते, कूलरच्या जाळ्यांत नवे गवत भरले जाते, जनावरे सावलीत हलवली जातात. अलीकडे या लढाईत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे मुलांच्या हातातला, खेळ खेळण्यासाठी घेतलेला जबर ताकदीचा लॅपटॉप. दुपारी त्याचे पंखे घोंघावू लागतात, कळफलकावर बोट टेकवत नाही आणि पडद्यावरचे चित्र अडखळू लागते. मग वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, ट्रॅक्टरच्या इंजिनाभोवती पाणी फिरवतात, तसे लॅपटॉपला का फिरवू नये? माशांच्या टाकीतला पंप, तांब्याची बारीक नळी आणि छोटा रेडिएटर एवढेच तर लागेल!"

प्रश्न उत्तम आहे. त्याला "नसते उद्योग करू नकोस" असे उत्तर देणे सोपे आहे. पण हाच प्रश्न गेली साठ वर्षे जगातल्या फार मोठ्या अभियंत्यांनी स्वतःला विचारला आहे. त्यांनी काय काय केले हे पाहिले, तर विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. शिवाय पाण्याची टंचाई सोसणाऱ्या आपल्या भागाच्या कामाचे असेही काही हाती लागते.

गणित करताना ऊब का येते?

संगणक वस्तू उचलत नाही, दळण दळत नाही. तो फक्त विजेची बटणे अतिशय वेगाने चालू-बंद करतो. प्रत्येक वेळी थोडा विद्युतभार इकडून तिकडे जातो आणि वाटेतल्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. विद्युतप्रवाहामुळे तारेत उष्णता किती निर्माण होते याचा नियम जूलने १८४० च्या सुमारास शोधला, तोच येथे लागू पडतो. संगणकात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेच्या रूपानेच बाहेर येते. म्हणून १५० वॉट वीज घेणारा लॅपटॉप आणि १५० वॉटची शेगडी यांत, खोली किती तापते एवढ्यापुरता विचार केला, तर काहीच फरक नाही. ही उष्णता टाळता येत नाही. ती फक्त हलवता येते. संगणकाच्या शीतकरणाचा सारा इतिहास या एका वाक्यात सामावला आहे.

निर्वात नळ्यांचे दिवस

१९४६ मध्ये जगापुढे आलेल्या अमेरिकेतल्या 'एनियाक' या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. प्रत्येक नळीत बल्बसारखी तापलेली तार असे. एवढे हजारो दिवे एका दालनात पेटल्यावर जे होईल, तेच तेथे होत असे. मोठमोठे पंखे लावून हवेचा झोत सतत आत सोडावा लागे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी स्वतः रचलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. यंत्राभोवतीची हवा गार ठेवली म्हणजे यंत्र गार राहते, हा त्या काळचा सरळ विचार होता. पुढे कित्येक वर्षे 'वातानुकूलित खोली' आणि 'संगणक कक्ष' हे शब्द जोडीनेच वावरले. शाळेत नव्याने आलेल्या संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चपलांचा संबंध धुळीशी होता. पण धूळ आणि उष्णता यांचेही नाते आहे. ते पुढे येईलच.

जवळ येण्याची किंमत

नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, मग एकात्मिक मंडले आली. प्रत्येक भागाची उष्णता पुष्कळच कमी झाली. तरीही प्रश्न सुटला नाही, उलट वाढला. असे का व्हावे?

याचे कारण भौतिकशास्त्राच्या एका मर्यादेत आहे. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो आणि तारेतला संदेश त्याहूनही कमी. संगणक वेगवान करायचा तर त्याचे भाग एकमेकांच्या जवळ आणले पाहिजेत, म्हणजे संदेशाचा प्रवास कमी होईल. पण भाग जवळ आले की उष्णताही एका जागी साचते. दिवाळीत एकेक पणती अंतरा-अंतराने ठेवली तर तिच्याजवळ सहज बसता येते. त्याच शंभर पणत्या एका ताटात ठेवल्या तर जवळ जाववत नाही.

हवा येथे अपुरी पडू लागली. हवेचे हे दुबळेपण समजण्यासाठी थोडा हिशोब करू या. एक लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४,२०० जूल उष्णता लागते. एक लिटर हवेला जेमतेम १.२ जूल पुरते. म्हणजे तेवढ्याच आकारमानात पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. बैलगाडीभर माल टोपलीटोपलीने न्यावा, तसे हवेचे काम आहे.

१९६० च्या दशकात 'आयबीएम' कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांत पाणी आणले. 'सिस्टिम ३६०' मालिकेतल्या ९१ क्रमांकाच्या यंत्रात आतल्या हवेच्या वाटेवर थंड पाण्याच्या नळ्या बसवल्या होत्या. पाण्याने हवा गार होई आणि हवेने यंत्र. पुढे १९८० मध्ये जाहीर झालेल्या '३०८१' या संगणकात पाणी आणखी जवळ आले. शंभराच्या आसपास चिप्सच्या एका संचात प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा छोटा दट्ट्या टेकवलेला असे, मधल्या फटींत हेलियम वायू भरलेला असे आणि वरच्या पट्टीतून पाणी खेळत असे. हेलियम का? तर तो हवेपेक्षा कितीतरी चांगला उष्णतावाहक आहे म्हणून.

याच सुमारास सेमूर क्रे या अमेरिकन अभियंत्याने वेगळी वाट धरली. त्याच्या 'क्रे-१' या महासंगणकाचे पहिले यंत्र १९७६ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गेले. इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचे हे यंत्र सुमारे ११५ किलोवॅट वीज घेई. त्याच्या उभ्या धातुपट्ट्यांतून शीतकपाटात असतो तसा फ्रिऑन फिरवला जाई. १९८५ च्या 'क्रे-२' मध्ये तर त्याने आणखी धीट पाऊल टाकले. मंडलांच्या पाट्याच एका द्रवात बुडवल्या! हा द्रव पाणी नव्हता, तर वीज न वाहणारे फ्लुओरिनयुक्त रसायन होते. पारदर्शक भिंतीतून आत फिरणारा द्रव दिसे, म्हणून लोकांनी या यंत्राला 'बुडबुडे' असे लाडके नाव दिले होते.

शेगडी टेबलावर आली

१९८० च्या दशकाच्या अखेरीस भारताला प्रगत महासंगणक मिळण्यात अमेरिकेच्या निर्बंधांचा अडथळा होता. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली. मूळचे अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एकाच अतिवेगवान मेंदूच्या मागे न लागता, अनेक साध्या प्रक्रियकांनी काम वाटून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना होती. शंभर पणत्या एका ताटात न ठेवता अंतराने मांडण्याचाच हा प्रकार.

घरगुती संगणकाने मात्र नेमका उलटा रस्ता धरला होता. १९८५ मध्ये आलेल्या '३८६' चिपला पंखा लागत नसे. १९९३ चा पहिला पेंटियम सुमारे १५ वॉट उष्णता टाकू लागला. २००४ पर्यंत काही पेंटियम-४ चिप्सनी ११५ वॉट गाठले आणि तेही सुमारे एक चौरस सेंटिमीटर जागेत. घरातल्या इस्त्रीच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॉट असतात. म्हणजे नखाएवढी चिप इस्त्रीच्या वीसपट दाटीने उष्णता टाकत होती. त्याच वर्षी इंटेल कंपनीने याहून वेगवान चिपचा एक आराखडा सोडून दिला आणि एका चिपमध्ये दोन, मग चार मेंदू बसवण्याकडे मोर्चा वळवला. पणत्या पसरवण्याचा 'परम'सारख्या यंत्रांचा धडा अशा रीतीने टेबलावरच्या संगणकापर्यंत आला.

या तापाच्या काळातच घरगुती जलशीतनाचा छंद जन्माला आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चिप तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचे वेड तरुणांत पसरले. जास्त वेग म्हणजे जास्त उष्णता. मग मोटारीतल्या हीटरचा छोटा रेडिएटर, माशांच्या टाकीचा पंप आणि स्वतः छिद्रे पाडलेला तांब्याचा ठोकळा असे जुळवून हौशी मंडळींनी पाणी फिरवले. आपल्या विद्यार्थ्याच्या यादीत नेमके हेच सामान आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

पाणी आधीपासूनच आत आहे

लॅपटॉपमध्ये अडचण जागेची. पण येथे गंमत अशी, की लॅपटॉपमध्ये पाणी आधीपासूनच असते. तळाचे झाकण उघडल्यावर चिपपासून पंख्याकडे जाणारी चपटी तांब्याची नळी दिसते. ती भरीव नसते. तिच्यात किंचित पाणी असते, हवा काढून टाकलेली असते आणि आतल्या भिंतीला वातीसारखे सच्छिद्र अस्तर असते. हवेचा दाब नसल्याने पाणी कमी तापमानालाच उकळते. चिपजवळ वाफ होते, पंख्याच्या टोकाला तिचे पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून ते झिरपत परत येते. अशा 'उष्णतानळी'ची मूळ कल्पना १९४० च्या दशकातली. १९६३ मध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती लॉस अलामॉसमध्येच प्रत्यक्षात उतरवली आणि १९९० च्या दशकात ती लॅपटॉपमध्ये शिरली. बाष्पीभवनाची सुप्त उष्णता माठ वापरतो, तीच ही नळीही वापरते. फरक इतकाच, की माठातले पाणी उडून जाते, नळीतले घरातच राहते.

खरोखर पंपाने पाणी फिरवणारा लॅपटॉपही निघाला होता. २००२ मध्ये हिताची या जपानी कंपनीने तो बाजारात आणला. त्यात पाणी पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन गार होई. २०१५ मध्ये आसुस कंपनीने खेळांच्या लॅपटॉपला मागून जोडायचा वेगळा जलशीतन-डबाच दाखवला. दोन्ही यंत्रे चालली, पण प्रथा पडली नाही. उचलून न्यायच्या वस्तूला पंप, नळ्या आणि सांधे परवडत नाहीत.

घरच्या जुळणीचा हिशोब

आता विद्यार्थ्याच्या जुळणीकडे वळू. चपटी केलेली तांब्याची बारीक नळी उष्णतानळ्यांवर घट्ट टेकवायची, तिच्यातून पंपाने पाणी फिरवायचे, ते बाहेरच्या रेडिएटरमध्ये न्यायचे आणि तेथे पंखा लावायचा. समजा १५० वॉट उष्णता न्यायची आहे आणि पाणी मिनिटाला एक लिटर फिरते आहे. मिनिटात ९,००० जूल, भागिले ४,२००, म्हणजे पाणी फक्त २ अंशांनी तापते. एवढेसे पाणी पुरे! हेच काम हवेने करायचे, तर हवा १० अंश तापू दिली तरी दर सेकंदाला साडेबारा लिटर हवा लागेल. लॅपटॉपचे पंखे का किंचाळतात, हे यावरून कळते.

पण पाण्याने घेतलेली उष्णता रेडिएटर शेवटी हवेलाच देतो. बाहेर ४२ अंश असेल तर पाणी ४२ च्या खाली जाऊच शकत नाही. ते ४७-५० च्या आसपास राहील. विद्यार्थ्याला येथे हमखास वाटते, की मग पाण्यात बर्फ टाकावा. हीच या विषयातली सर्वांत मोठी गैरसमजूत आहे. चिपला ९० अंश सोसतात. ९५-१०० ला ती स्वतःच वेग कमी करते. तिच्या दृष्टीने ५० अंशांचे पाणी चांगलेच 'गार' आहे. पाणी थंड असण्यापेक्षा ते फिरते असणे आणि नळी चिपशी नीट टेकलेली असणे महत्त्वाचे.

बर्फ घातकही ठरतो. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार नळीवर बाहेरून पाणी जमते, जसे सरबताच्या पेल्यावर जमते. पेल्याखाली ओले वर्तुळ उमटते. लॅपटॉपमध्ये ते मंडलाच्या पाटीवर आणि लिथियमच्या बॅटरीशेजारी उमटेल. आणखी दोन शत्रू आहेत. बोअरचे जड पाणी भांड्यांना पांढरा थर आणते, तसाच तो बारीक नळीत आणते. म्हणून बॅटरीत घालायचे शुद्ध पाणीच वापरावे. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडले तर विद्युतघट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजते आणि काही महिन्यांत गळती सुरू होते. अशी भीती नुसती हौशी लोकांनाच असते असे नाही. २००४ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या 'पॉवर मॅक जी-५' मध्ये द्रवशीतन आणले. त्यातल्या काही यंत्रांतही पुढे गळती झाली.

म्हणून पहिला सल्ला अगदी साधा. आधी लॅपटॉपच्या जाळीतली धूळ साफ करावी, चिपवरचा वाळलेला उष्णतावाहक लेप जाणत्या माणसाकडून बदलून घ्यावा आणि यंत्र गादीवर न ठेवता फळीवर, खाली फट राहील असे ठेवावे. बरेचदा तेवढ्यानेच ताप उतरतो. जलशीतनाचा प्रयोग करायचाच, तर तो भंगारात निघालेल्या यंत्रावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि १२ व्होल्टच्या पंपावर करावा.

गरम पाण्याने गार करणे

थंड पाणी लागत नाही, हा धडा मोठ्या संगणकांनाही उशिराच कळला. २०१० मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठात 'अक्वासार' हा संगणक सुरू झाला. त्याच्या चिप्सवर सुमारे ६० अंशांचे पाणी सोडले जाई आणि बाहेर पडलेले आणखी गरम पाणी इमारती उबदार ठेवण्यासाठी वापरले जाई. २०१२ मध्ये म्युनिकजवळच्या 'सुपरएमयूसी' या महासंगणकात चाळीस अंशांच्या आसपासचे पाणी वापरले गेले. आपल्याकडे पुण्याच्या 'आयसर' संस्थेतल्या 'परम ब्रह्म' (२०१९) या महासंगणकातही द्रव थेट चिपपर्यंत नेऊन शीतन केले जाते.

मराठवाड्यासाठी हा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. मोठी संगणककेंद्रे गार ठेवण्याची स्वस्त पद्धत म्हणजे कूलरचीच पद्धत: पाणी उडवायचे. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४ लाख जूल उष्णता घेऊन जाते. हिशोब केला तर १५० वॉटच्या लॅपटॉपला तासाला पेलाभर पाणी उडवावे लागेल. पण १ मेगावॉटच्या केंद्राला तासाला सुमारे १,५०० लिटर, म्हणजे दिवसाला ३६,००० लिटर! दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. येथे मार्ग दोन आहेत. एकात पाणी शीतक म्हणून खर्ची पडते, दुसऱ्यात ते हमालासारखे तीच ती फेरी मारत राहते. पाणी पन्नास अंशांपर्यंत तापू दिले, तर बेचाळीस अंशांच्या हवेतही बंद रेडिएटर ते निववू शकतो आणि एक थेंबही उडत नाही. मोबदल्यात रेडिएटर मोठे लागतात आणि पंख्यांना जास्त वीज लागते. फुकट काहीच नाही. पण निवड आहे, आणि ती जाणून करायला हवी.

हिंगोलीकरांना हा विचार करण्याचे आणखी एक कारण आहे. औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसरचा प्रकाश धावेल आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल टिपावी लागेल. अशाच अमेरिकेतल्या हॅनफर्ड वेधशाळेत जास्त शक्तीच्या लेसरला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाने सूक्ष्म थरथर निर्माण होऊन मापनात गोंगाट मिसळत होता. पुढच्या निरीक्षणसत्रासाठी तो भाग काढूनच टाकण्यात आला. म्हणजे हमाल उष्णता तर नेतो, पण त्याच्या पावलांचा आवाजही होतो!

वर्गात करण्यासारखे

लॅपटॉप न उघडताही हा सगळा विषय वर्गात आणता येतो. दोन तापमापी घ्या, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही वर्षभर दर महिन्याला वाचा. कूलर मे महिन्यात का चालतो आणि जुलैत का रुसतो, ते आकड्यांत दिसेल. गरम पाण्याच्या पातेल्यात तांब्याच्या नळीचे वेटोळे ठेवून त्यातून साधे पाणी सोडा. एक लिटर जमायला लागलेला वेळ सेकंदांत मोजा आणि ते किती अंशांनी तापले ते पाहा. अंशांना ४,२०० ने गुणून सेकंदांनी भागले, की नळीने किती वॉट उष्णता उचलली ते कळते. मग वेटोळ्याचे वेढे वाढवा, पाण्याचा वेग बदला आणि आकडे कसे हलतात ते नोंदवा.

एवढे झाल्यावर त्या विद्यार्थ्याला रेडिएटर जोडायला खुशाल मदत करावी. फक्त जोडण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारावा: "उष्णता चिपमधून तर काढलीस, पण नेऊन ठेवणार कुठे?" हे उत्तर ज्याला नीट देता येईल, त्याला लॅपटॉपचे शीतन कळलेच, उद्या आपल्या जिल्ह्यात एखादे मोठे संगणककेंद्र आले, तर त्याला किती पाणी द्यायचे हे ठरवण्याच्या बैठकीतही त्याने बसायला हरकत नाही.